नको म्हणायचं नाही

आमच्या टोळीत वायरलेसवर तीनच शब्द चालतात: ओढ, ढील आणि कुलूप. ओढ म्हणजे विंच, म्हणजे तार गुंडाळायचं यंत्र, फिरवून ती ताणायची. ढील म्हणजे सैल सोडायची. कुलूप म्हणजे तार आहे तिथे जखडून टाकायची आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. प्रत्येक शब्द दोनदा म्हणायचा, ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा आणि मगच हात हलवायचा. बाकी काय बडबड करायची ती जेवताना करा.

आणि 'नको' हा शब्द वायरलेसवर तोंडातून काढायचाच नाही. हा नियम माझ्या नवऱ्याचा. ते टोळीचे मुकादम. सगळे त्यांना मुकादम म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. फार पूर्वी एका टॉवरवरून माणूस ओरडला होता, "सोडू नको!" डोंगरात वायरलेस अर्धे शब्द खातो. खालच्याला 'सोड' एवढंच ऐकू आलं आणि त्याने सोडलं. वरचा माणूस गेला. मुकादम तेव्हा त्याच टॉवरच्या पायथ्याशी उभे होते. आपलं बोलणंच असं आहे बाई, आधी सगळं सांगून टाकायचं आणि नकार शेपटाला लावायचा. शेपूट तुटलं की झालं कल्याण. म्हणून नको बंद. इतका बंद, की मी दुसऱ्यांदा भात वाढायला गेले की हा माणूस ताटावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "कुलूप."

वीज न्यायची आहे पलीकडच्या खोऱ्यात. मध्ये रस्ता नाही, पायवाट नाही, नुसते कडे आणि गुडघ्याएवढी खुरटी झाडं. टॉवरचे तुकडे, सिमेंट, डिझेल, माझी भांडी, सगळं हेलिकॉप्टरला टांगून आलं. मीही त्यातच आले, दोन पोत्यांच्या मध्ये डोळे गच्च मिटून. टोळीचं जेवण करायचं आणि वायरलेस सांभाळायचा, ही माझी कामं. राहायला पत्र्याचं खोपटं, आणि खोपटात कंदील. जगाला वीज द्यायला निघालेल्यांच्या घरात रॉकेलचा दिवा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

वायरलेस माझ्याकडे का, तर जागेमुळे. दरीच्या पलीकडे एक टॉवर, अलीकडे एक. अलीकडच्या टॉवरच्या कप्पीवरून तार मागे उतरते ती विंचकडे. विंच डोंगराच्या सोंडेमागे खोलगटात बसवली आहे, तिथे पलीकडचं काही ऐकू येत नाही. माझं खोपटं सोंडेवर, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं. पलीकडून मुकादम म्हणणार ढील, मी म्हणणार ढील, मग विंचवाला ढील देणार. आणि विंचवाला कोण, तर माझा धाकटा भाऊ. टोळीत त्याला माकड म्हणतात. चढतोच तसा.

किंवा चढायचा. वसंतात तो बेल्टचा हूक न अडकवता टॉवरच्या शेंड्यापर्यंत चढून गेला, वर उभा राहून शीळ घातली. खाली आल्यावर मुकादमांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली आणि सांगितलं, "आजपासून विंचवर बस." टॉवरवरच्या गड्याला विंचवर बसवणं म्हणजे पोहणाऱ्याला काठावर कपडे राखायला ठेवणं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. खोपटात गुडघ्याला गुडघा लावून जेवायला बसायचे आणि मधे मी. "त्याला सांग, भात गार होतोय." "त्यांना सांग, मला भूक नाही." अरे, मी माणूस आहे की टेलिफोनची तार? कितीदा वाटलं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत. पण एकाला बोलावं तर नवरा, दुसऱ्याला बोलावं तर आईविना वाढवलेला भाऊ. अडकित्त्यातली सुपारी झाले होते मी.

त्या दिवशी बाकीची टोळी सकाळीच हेलिकॉप्टरने पुढच्या टॉवरवर गेली होती. अलीकडे मी आणि माकड. पलीकडे मुकादम आणि त्यांचा जोडीदार, ज्याला आम्ही लंबू म्हणतो; वायरलेस दोघांत एकच, मुकादमांकडे. दुपारी मुकादम ट्रॉलीत बसून तारेवर निघाले. ट्रॉली म्हणजे तारेवर पळणाऱ्या दोन चाकांना टांगलेली लोखंडी खुर्ची. दरीवर जाऊन तारांमध्ये जोडपट्ट्या बसवायच्या होत्या, नेहमीचं काम. मी पिठात हात घालून बसले होते.

वायरलेस खरखरला. मुकादमांचा आवाज अगदी सपाट होता, आणि तो ऐकूनच मी पिठाच्या हाताने वायरलेस उचलला.

"पलीकडचा खुंटा सरकतोय. माती भुसभुशीत झालीय, लंबू त्यावर दगड टाकतोय. तारेला झटका बसला, माझा डावा हात चाकाखाली आला."

"किती लागलंय?"

"बघितलं नाही. एका हाताने ट्रॉली वर ओढता येत नाही. ओढ हा शब्द आज बंद, ओढलं तर खुंटा उपटेल. ढील देत देत मला खाली न्या. खाली नदीच्या कडेला गोट्यांचा पट्टा आहे, तिथे टेकतो. तुम्हाला धुक्यात दिसणार नाही, मला दिसतंय. मी म्हणेन तेवढंच."

तार ज्या खुंट्याला बांधली होती तो निघाला, की तार, ट्रॉली आणि माझा नवरा, सगळं सरळ नदीत. जीव टांगणीला लागला असं मी आजवर उठता-बसता म्हणत आले. दूध ओतू गेलं तरी म्हणायचे. आता कळलं टांगणी काय असते ती.

मोठ्या वायरलेसवर मी तळावरच्या साहेबांना गाठलं. म्हटलं, हेलिकॉप्टर पाठवा. ते म्हणाले, "बाई, ढग जमिनीला टेकलेत. पायलट तयार आहे, पण त्याला पाठवलं तर दोघं जातील. खुंटा किती टिकेल?"

"मला काय विचारता? खुंट्याला विचारा!"

 साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मुकादम सांगतील तसं करा." ते तरी बिचारे काय करणार.

मग सुरू झालं. मुकादम म्हणाले, "ढील, ढील." मी म्हटलं, "ढील, ढील." माकड म्हणाला, "ढील, ढील," आणि खालून विंचची घरघर आली. "कुलूप, कुलूप." घरघर थांबली. परत ढील. परत कुलूप. खिडकीतून बघावं तर नुसतं पांढरं. नवरा त्या पांढऱ्यात कुठेतरी वीतभर वीतभर खाली चालला होता आणि मला दिसत होती फक्त माझ्याच श्वासाने धुरकटलेली काच. हातावरचं पीठ वाळून तडकलं होतं. ते पुसायचंही सुचलं नाही.

त्यांचा आवाज बारीक होत चालला. बॅटरी संपत होती की माणूस, ते कळायला मार्ग नव्हता. मधेच ते म्हणाले, "थंडी फार आहे गं." बस, एवढंच. कामाच्या शब्दांच्या बाहेर हा माणूस वायरलेसवर कधी गेला नव्हता. माझा बांधच फुटला. ढील म्हणायला बटण दाबलं होतं, ते दाबलेलंच राहिलं आणि मी हमसून हमसून रडले. किती वेळ, देव जाणे. भानावर आले तेव्हा घाबरून अंगठा काढला. आणि तेवढ्यात पलीकडून आलं:

"...नको."

मग खरखर. मग खरखरही गेली.

"मुकादम? अहो!" काही नाही. "अहो, काय नको?" काही नाही. "अरे, बोल ना रे!" लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना अरेतुरे केलं आणि ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं.

खालून भावाचा आवाज आला, "ताई, शब्द दे. काय म्हणाले?"

काय म्हणाले? सोडू नको म्हणाले असतील, तर खाली नदी आली असेल आणि आणखी ढील म्हणजे मरण. थांबू नको म्हणाले असतील, तर खुंटा निघालाय आणि थांबणं म्हणजे मरण. इकडे आड, तिकडे विहीर. आणि तोल सांभाळायला माझ्याकडे शेपूट तेवढं उरलेलं, धड कुठेच नाही.

मग मला सुचलं. अगं वेडे, ज्याने हा शब्द बंद केला तो तारेसाठी हा शब्द वापरेल का? थांबवायचं असतं तर कुलूप म्हणाले असते, झोपेतसुद्धा म्हणाले असते. हवी असती तर ढील म्हणाले असते. म्हणजे नको हे विंचसाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं. रडू नको, एवढंच. म्हणजे आधीची ढील चालू ठेवायची. मी बटण दाबलं, तोंड उघडलं, 'ढी' जिभेवर आलं.

आणि माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं.

एकाचं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याचं कुणाचं ऐकू येत नाही. मी रडत होते तेवढा वेळ बटण दाबलेलं होतं. तेवढ्या वेळात ते कुलूप म्हणाले असतील. दहा वेळा म्हणाले असतील, ओरडले असतील, आणि मी माझ्या रडण्याने ते सगळं गिळलं असेल. मग शेवटी वैतागून नको.  तोंडातला शब्द मी तिथेच चावला.

"ताई!"

"मला माहीत नाही रे," मी म्हटलं. "मला माहीत नाही. कुलूप लाव."

आणि वायरलेस छातीशी धरून मी सोंडेवरून खाली पळत सुटले. दोनदा पडले. चप्पल कुठे गेली तेही कळलं नाही. माकड विंचच्या दांडीवर दोन्ही हात रोवून उभा होता. ओठ पांढरेफटक. सगळं ऐकून घेतलं, एकदा टॉवरकडे बघितलं आणि विचारलं, "त्यांच्याकडे पाना असेल ना?"

"पाना त्यांच्या कमरेला जन्मापासून आहे. का?"

"मग ते तार ठोकत असतील."

मला आठवलं. हा नवा नवा आला होता तेव्हा मुकादमांनी याचा तळवा तारेवर ठेवून दूरवर तार ठोकली होती. ठोक्याची लाट तारेतून येते, हाताला कळते. वायरलेस नव्हते तेव्हाची ती रीत. एक ठोका कुलूप, दोन ढील, तीन ओढ. महिनाभर दोघं लहान मुलांसारखे तेच खेळत होते. मी ओरडायचे, जेवायला या, तार काय पळून चालली आहे?

त्याने विंचच्या तोंडाशी तारेवर हात ठेवला आणि मान हलवली. "इथे कप्पीच्या अलीकडे काही येत नाही. वर जावं लागेल, कप्पीच्या पुढे." त्याने माझे हात धरून दांडीवर ठेवले. "हळू वर उचललीस की ढील. खाली दाबलीस की कुलूप. मी वरून ओरडेन. माझ्या शब्दाशिवाय हलवायची नाही."

"अरे, मला नाही जमायचं!"

"कणीक मळतेस ना? तेवढाच जोर."

आणि पाना कमरेला खोचून तो चढायला लागला.

मी त्याला चढताना शेकडो वेळा बघितलंय. सरसर जातो. पण आज काय? एक पायरी, खट्. दुसरी पायरी, खट्. हूक काढायचा, वर अडकवायचा, ओढून बघायचा, मग पाय. खट्. खट्. बर्फाळलेल्या लोखंडावर हा शहाणा नव्या सुनेसारखा पाय जपून टाकत होता आणि तिकडे माझा नवरा मरत होता.

"माकडा, बेल्ट राहू दे! चढ!" मी किंचाळले. "अरे, चढ ना! पाया पडते तुझ्या!"

तो थांबला नाही आणि हूकही सोडला नाही. वरून आवाज आला, "दाजी मारतील."

इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून दाजी हा शब्द निघाला नव्हता. मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात दांडीवर होते, त्यामुळे पुसायची सोय नव्हती. लोखंडाला तळहात चिकटले होते.

तो धुक्यात दिसेनासा झाला. नुसतं खट्, खट् ऐकू येत राहिलं आणि मग तेही थांबलं. सगळीकडे एवढं शांत झालं की विंचमधून तेल ठिबकतंय ते ऐकू आलं. माझ्या मनात वाईट वाईट चित्रं यायला लागली. तळहात तारेवर ठेवून हा वर उभा आहे आणि तारेतून काहीच येत नाही. तार गप्प आहे, कारण ठोकणाराच उरला नाही.

मग वरून हाक आली, "आहेत! ताई, ठोकतायत! दोन! परत दोन! ढील!"

मी दांडी उचलली. ड्रम फिरला, तार सरकली. माझ्या हातून सरकली! वरून टणटण आवाज आला. माकड तार ठोकून उत्तर देत होता.

"ढील... ढील... हळू, ताई, हळू... ढील..."

कुठूनतरी खोलवरून दगड कोसळल्यासारखा आवाज आला. तार चाबकासारखी उसळली आणि दांडीने मला ढकलूनच दिलं. मी सगळं अंग तिच्यावर टाकलं.

"खुंटा हलला!" माकड ओरडला. "अजून दोन म्हणतायत! ढील, ढील, ढील!"

मी उचलली. आता हळू-जोरात काही कळत नव्हतं. मी कणकेला देते तसा जोर देत होते आणि मनात एकच घोकत होते, दिसू दे गोटे, दिसू दे गोटे.

"एक! कुलूप! ताई, कुलूप, कुलूप!"

मी दाबली. पोटाने दाबली, जवळजवळ आडवी झाले तिच्यावर.

आणि तार हलकी झाली. मला विंचवरसुद्धा कळलं. तिच्यातला सगळा भार एका क्षणात गेला, आणि ती नुसती झुलायला लागली. माणूस तारेवरून उतरला की तार हलकी होते. पडला तरी हलकीच होते.

"ताई," माकडाचा आवाज कसातरीच झाला होता. "तार हलकी झाली."

"कळलं."

"मी ठोकतो." टण्. काही नाही. टण्. टण्. काही नाही. तो लहान मुलासारखा रडायला लागला. वर धुक्यात लोखंडाला मिठी मारून रडत होता आणि मधेमधे म्हणत होता, "दाजी, ठोका. दाजी, एक तरी ठोका." मी खाली त्या दांडीवर पडून राहिले. म्हटलं, देवा, हात घे, पाय घे, माझी जीभ घे, एवढी बडबड करते ती. पण एक ठोका दे.

मग माकड एकदम गप्प झाला.

"काय झालं?" मी विचारलं. "अरे, काय झालं?"

"ठोकतायत. पण... एक नाही, दोन नाही, मोजताच येत नाही. नुसते बडवतायत! ताई, याचा अर्थ काय?"

"अर्थ काय विचारतोस, गाढवा! जिवंत आहेत ते! पाय टेकलेत त्यांचे!"

वरून हसण्याचा आवाज आला, रडण्याचा आला, मग इतक्या महिन्यांची सवय त्याच्या जिभेवर आली. म्हणाला, "ताई, त्यांना सांग—"

"तूच सांग!" मी ओरडले. "पाना तुझ्या हातात आहे!"

आणि त्याने सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. टॉवर नुसता घणघणत होता.

तो खाली आला, प्रत्येक पायरीला हूक लावून आला. दोर, घोंगड्या, चहाची किटली आणि वायरलेस घेऊन दरीत उतरला. मी सोंडेवर खोपटात परत आले. साहेबांना कळवलं, ढग फाटले की पहिली फेरी दरीत करा. चूल विझली होती, ती पेटवली. वायरलेस कानाशी धरून बसले. बाहेर उजेड करडा होत चालला होता, तेव्हा तो खरखरला.

"ताई, पोचलो." मागे नदीचा आवाज येत होता. "हाताची तीन बोटं गेली आहेत. बाकी शाबूत. थरथरतायत, पण शुद्धीवर आहेत. लंबूही वरून हाका देतोय."

तीन बोटं. मी तोंडावर पदर दाबला. त्याचा अंगठा बटणावरच असावा, कारण मागून दुसरा आवाज ऐकू आला. बारीक, दातांवर दात आपटत आलेला, पण तोच, सोलून काढणारा.

"वर चढला होतास ना तू? बेल्ट लावून चढलास का?"

"लावून चढलो दाजी."

"प्रत्येक पायरीला?"

"प्रत्येक पायरीला. ताईला विचारा. मला शिव्या घालत होती."

मला खूप काही बोलायचं होतं. नको म्हणजे काय नको, ते विचारायचं होतं. नियम करणाऱ्यानेच नियम मोडला म्हणून चांगली खरडपट्टी काढायची होती. मी बटणावर अंगठा ठेवला. तिकडे माकड सांगत होता की कप्पीच्या पुढे लाट कशी येते, आणि मुकादम विचारत होते की तळवा तारेवर कसा ठेवलास, दाखव बघू. दोघं बोलत होते. मी बटण दाबलं असतं तर मला त्यांचं ऐकू आलं नसतं. मी अंगठा काढून घेतला.